वान्त्सलेबन : काळ्या मातीचा एक जिल्हा

मॅग्डेबर्ग हे नाव तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचले असेल. हवेचा दाब केवढा असतो हे दाखवण्यासाठी ओटो फॉन गेरिके या जर्मन संशोधकाने सतराव्या शतकात धातूचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना जुळवले, आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपून ते ओढायला लावले. घोड्यांना ते सुटता सुटेनात! हा गेरिके मॅग्डेबर्ग शहराचा महापौर होता, म्हणून ते 'मॅग्डेबर्गचे अर्धगोल'. आज आपल्याला जायचे आहे ते मात्र त्या शहरात नव्हे, तर शहराच्या नैर्ऋत्येला पंधरा-वीस किलोमीटरवर पसरलेल्या एका शेतीच्या मुलखात. या मुलखाचे नाव वान्त्सलेबन.

जर्मनीच्या आजच्या नकाशात 'वान्त्सलेबन जिल्हा' शोधू लागाल तर तो सापडायचा नाही. त्या नावाचे गाव सापडेल, जिल्हा नाही. प्रशियाच्या राज्यात १८१६ साली हा जिल्हा आखला गेला. जर्मन भाषेत अशा विभागाला 'क्राइस' म्हणतात. आकाराने तो आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढा, पण कामकाज जिल्ह्याचे. राजे गेले, प्रजासत्ताक आले, हिटलर आला आणि गेला, पूर्व जर्मनीची साम्यवादी राजवट आली. सीमा थोड्याफार हलल्या, पण जिल्हा टिकला. जर्मनीचे एकीकरण १९९० साली झाले आणि एवढे लहान लहान जिल्हे परवडत नाहीत असे नव्या राज्याने ठरवले. १ जुलै १९९४ रोजी वान्त्सलेबन शेजारच्या ओशर्सलेबन जिल्ह्यात मिसळला गेला. १ जुलै २००७ रोजी तो एकत्रित जिल्हाही आणखी एका मोठ्या जिल्ह्याच्या पोटात गेला आणि जिल्ह्याचे ठाणे हाल्डन्सलेबनला गेले.

वान्त्सलेबन, ओशर्सलेबन, हाल्डन्सलेबन : शेवटी 'लेबन' असणारी गावे या भागात पावलोपावली आहेत. आपल्याकडे जशी 'वाडी' आणि 'गाव', तसेच हे. जुन्या जर्मन बोलीत या शेपटाचा अर्थ होता 'मागे ठेवलेली मालमत्ता', म्हणजे वारसा. वान्त्सलेबनजवळच आणखी एक लहान गाव आहे, क्लाइन वान्त्सलेबन. 'क्लाइन' म्हणजे धाकटे. आपण असतो तर त्याला सरळ 'वान्त्सलेबन खुर्द' म्हटले असते! या खुर्दाचे नाव मोठ्या गावापेक्षा जास्त दूर पोहोचले. तिथली बियाणी एके काळी जगभरच्या शेतांत पेरली जात होती. ते कसे, हे समजून घेण्यासाठी आधी पायाखालची जमीन पाहू या.

वाऱ्याने आणलेली जमीन

वान्त्सलेबनच्या परिसराला 'ब्योर्डे' म्हणतात. सपाट, लाटेसारखा किंचित वर-खाली होणारा प्रदेश, झाडे थोडी आणि क्षितिजापर्यंत शेते. ही माती नदीने आणलेली नाही, खालच्या खडकाची झीज होऊनही झालेली नाही. ती वाऱ्याने आणली आहे!

शेवटच्या हिमयुगात उत्तर युरोपावर बर्फाचे प्रचंड थर होते. बर्फाच्या कडेला उघडी, ओसाड, कोरडी जमीन होती. हिमनद्यांनी दळून बारीक केलेले खडकांचे पीठ तिथे पसरलेले असे. वारा ते पीठ उचलून नेई आणि जिथे त्याचा जोर कमी होई तिथे टाकून देई. हजारो वर्षे असा धुळीचा पाऊस पडत राहिला. या मातीला 'लोएस' म्हणतात. तिचे कण वाळूपेक्षा पुष्कळ बारीक आणि चिकणमातीपेक्षा मोठे असतात. त्यामुळे कणांच्या मधल्या फटी अगदी बेताच्या असतात. पाणी त्यांतून भर्रकन निथळूनही जात नाही आणि तुंबूनही राहत नाही. दिव्याची वात जसे तेल वर ओढते, तसे खोलवरचे पाणी केशाकर्षणाने मुळांपर्यंत चढते. शिवाय तिच्यात चुना असतो आणि दगड जवळजवळ नसतातच. नांगराला आणि मुळाला दोघांनाही ती वाट देते.

बर्फ मागे हटल्यावर या लोएसवर उंच गवताचे माळ पसरले. उन्हाळा कोरडा, हिवाळा गोठवणारा. दरवर्षी मेलेल्या मुळांचे कुजणे अर्धवटच राही आणि त्याचा काळा ह्यूमस मातीत साठत जाई. तो खालीवर मिसळायचे काम गांडुळांनी आणि बिळे करणाऱ्या प्राण्यांनी केले. त्यांपैकी मुख्य गडी म्हणजे हॅमस्टर. पाळीव पिंजऱ्यातला इवलासा हॅमस्टर नव्हे; हा रानटी, घुशीच्या जवळपास जाणारा, पाठ तपकिरी आणि पोट काळेभोर. तो जमिनीत खोल बिळे करतो आणि गालांच्या पिशव्यांत धान्य भरून हिवाळ्यासाठी कोठार साठवतो. जुनी बिळे वरच्या काळ्या मातीने भरून जातात. म्हणून इथे खड्डा खणला तर खालच्या पिवळसर लोएसमध्ये काळे गोल ठिपके दिसतात. हजारो वर्षांपूर्वीच्या हॅमस्टरांच्या घरांचे ते ठसे आहेत.

'काळी माती आमच्याकडेही आहे की!' असे तुम्ही म्हणाल. खरे आहे, पण दोन्हींचा काळेपणा वेगळा. आपली रेगूर जमीन बेसाल्ट म्हणजे काळ्या पत्थरापासून झाली. तिच्यात ह्यूमस फार थोडा, बहुधा एक टक्क्याहूनही कमी असतो; आपल्या उष्णतेत पालापाचोळा झपाट्याने कुजून जातो. तिचा रंग येतो तो लोह आणि टायटॅनियमयुक्त खनिजांमुळे आणि चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेल्या थोड्याशा सेंद्रिय द्रव्यामुळे. ही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. म्हणून वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. लोएसच्या काळ्या जमिनीला अशा भेगा पडत नाहीत. तिच्यात ह्यूमस कितीतरी जास्त असतो आणि तोच तिचा रंग. करून पाहायचे असेल तर वाळलेल्या काळ्या मातीचा गोळा भिजवून, मळून उन्हात ठेवा आणि शेजारी नदीकाठच्या गाळाचा तसाच गोळा ठेवा. दोन दिवसांत कोणता गोळा जास्त तडकतो ते दिसेल.

एका बाबतीत मात्र ब्योर्डे आपल्या माणदेशासारखा आहे. त्याच्या नैर्ऋत्येला हार्झ नावाचे डोंगर आहेत. त्यांतले ब्रॉकन हे शिखर ११४१ मीटर उंच आहे. पश्चिमेकडून येणारे ढग तिथे रिकामे होतात आणि ब्योर्डेच्या वाट्याला वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस येतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि दहिवडीला कोरडे आभाळ, तोच हा पर्जन्यछायेचा खेळ. मग तिथे दुष्काळ का नाही? एक तर हवा थंड, त्यामुळे बाष्पीभवन कमी. आणि दुसरे, लोएसची ती वात!

या जमिनीला सरकारने चक्क गुण दिले. जर्मनीत १९३४ साली कायदा होऊन देशातल्या सगळ्या शेतजमिनीची प्रतवारी सुरू झाली. सर्वांत उत्तम जमिनीला १०० गुण आणि बाकीच्यांना तिच्या तुलनेने कमी. ही शंभर गुणांची जमीन निवडली गेली ती याच ब्योर्डेतल्या, वान्त्सलेबनच्या शेजारच्या जिल्ह्यातल्या आइकेनडॉर्फ या गावची. आपल्याकडे ही पद्धत निराळ्या रूपात आधीच होती. विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी १८३५ च्या सुमारास इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची नवी जमीन मोजणी सुरू केली. त्यात मातीची खोली आणि रंग पाहून जमिनीला आणे दिले जात. उत्तम ती सोळा आणे. हेतू दोन्हीकडे एकच, शेतसारा ठरवण्याचा. सरकार मातीचा अभ्यास करू लागते ते बहुधा कर बसवण्यासाठी! पण त्यातून मातीविषयीची मोलाची माहिती गोळा होते, हेही कबूल केले पाहिजे.

कंदातली साखर

आता साखरेकडे वळू. आपल्याकडे साखर म्हटली की ऊस डोळ्यांसमोर येतो. पण जगातल्या साखरेचा सुमारे पाचवा हिस्सा आजही उसाची नसून शर्कराकंदाची आहे. हा कंद आपल्या कोशिंबिरीतल्या लाल बीटाचा सख्खा भाऊ. रंगाने पांढरा, आकाराने भल्या मोठ्या मुळ्यासारखा.

यात साखर आहे हे आंड्रेआस मार्गग्राफ या बर्लिनच्या रसायनशास्त्रज्ञाने १७४७ साली दाखवले. त्याने वाळवलेल्या कंदाच्या चकत्या मद्यार्कात उकळल्या, द्रव गाळून ठेवून दिला आणि काही आठवड्यांनी तळाशी स्फटिक जमले. ते त्याने सूक्ष्मदर्शकाखाली उसाच्या साखरेशेजारी ठेवून पाहिले. दोन्ही अगदी सारखे! रसायनशास्त्रात सूक्ष्मदर्शक वापरून पदार्थ ओळखल्याचे हे अगदी सुरुवातीचे उदाहरण. मार्गग्राफचे बरोबरच होते, कारण रेणू एकच आहे. गंमत अशी की आज मात्र या दोन साखरा ओळखता येतात. ऊस हे गवत हवेतला कर्बवायू बीटापेक्षा वेगळ्या मार्गाने पकडते. त्यामुळे उसाच्या साखरेत कर्ब-१३ हा जड समस्थानिक किंचित जास्त असतो आणि वस्तुमान-वर्णपटमापक हे यंत्र तो फरक टिपते. मधात उसाची साखर मिसळणारे याच युक्तीने पकडले जातात.

मार्गग्राफचा शिष्य फ्रान्झ आखार्ड याने प्रयोगशाळेतली ही गोष्ट कारखान्यात नेली. सायलीशिया प्रांतात कुनर्न या गावी त्याने १८०१ साली शर्कराकंदाचा जगातला पहिला साखर कारखाना उभारला. पण त्याच्या कंदात साखर होती अवघी पाच-सहा टक्के. म्हणजे शंभर किलो कंद खणा, धुवा, वाहून आणा, चिरा, रस काढा, लाकूड जाळून पाणी आटवा आणि हाती चार-पाच किलो साखर! नेपोलियनच्या युद्धांत समुद्रमार्ग बंद झाले, वेस्ट इंडीजमधल्या गुलामांच्या घामाची साखर युरोपात येईना, म्हणून काही वर्षे हा धंदा चालला. युद्ध संपले, समुद्र मोकळा झाला आणि बहुतेक कारखाने बसले. कंद टिकायचा असेल तर त्यातली साखर वाढायला हवी होती.

वान्त्सलेबन खुर्दची युक्ती

क्लाइन वान्त्सलेबनला १८३८ साली साखर कारखाना निघाला. पुढे १८५६ साली माथियास राबेट्गे नावाचा शेतकरी त्याचा मुख्य भागीदार झाला आणि नंतर राबेट्गे आणि गीझेके या दोन कुटुंबांनी मिळून तो चालवला. त्यांनी पाहिले की एकाच शेतातले, एकाच दिवशी पेरलेले दोन कंदही सारखे गोड नसतात. मग जो गोड त्याचेच बी धरले तर?

बोलायला सोपे, पण अडचण पाहा. कंद गोड आहे की नाही हे कळायला तो चिरून रस काढावा लागतो. चिरला की कंद मेला! आणि शर्कराकंद हे द्विवर्षायू झाड आहे. पहिल्या वर्षी ते मुळात साखर साठवते आणि दुसऱ्या वर्षी त्या साखरेच्या जोरावर माणसाच्या उंचीचा तुरा काढून फुलते. म्हणजे परीक्षा घ्यायची आणि परीक्षार्थीही जिवंत ठेवायचा.

यावर तोड अशी निघाली. कंदातून तिरके छिद्र पाडून बोटभर तुकडाच काढून घ्यायचा. त्याचा रस काढून निवळायचा, काचेच्या नळीत भरायचा आणि ती नळी ध्रुवणमापकात ठेवायची. या उपकरणाचे तत्त्व सुंदर आहे. साध्या प्रकाशाच्या लहरी सर्व दिशांच्या पातळ्यांत कंप पावत असतात. विशिष्ट स्फटिकातून नेला की तो एकाच पातळीत कंप पावणारा, म्हणजे ध्रुवित होतो. असा प्रकाश साखरेच्या पाण्यातून गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. आणि साखर जितकी जास्त, तितकी ती जास्त वळते. जाँ बीओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने काही द्रवांचा हा गुण १८१५ साली शोधला होता. आता शेतकऱ्याच्या आवारात तोच गुण कंदांना गुण देऊ लागला. चव न घेता, वजन न करता, केवळ कोन मोजून साखर कळायची!

ध्रुवणमापकाच्या परीक्षेत उतरलेले कंद हिवाळाभर मातीच्या खंदकात थंडीपासून झाकून ठेवायचे, वसंतात लावायचे आणि त्यांचे बी धरायचे. फ्रान्समध्ये लुई व्हिल्मोरँ याने यात आणखी एक महत्त्वाची गोष्ट घातली होती. कंद स्वतः गोड आहे एवढ्यावर विसंबू नका, त्याची संतती गोड निघते का ते पाहा. एखादा कंद केवळ चांगल्या जागी वाढला म्हणूनही गोड असू शकतो. तो गोडवा मुलांना मिळत नाही. मेंडेलचे नियम जगाला अजून ठाऊक नव्हते, तरी वंशाचा गुण आणि जागेचा गुण यांतला फरक या बियाणेवाल्यांनी व्यवहारात ओळखला होता. क्लाइन वान्त्सलेबनमध्ये १८६० च्या दशकापासून हे काम दरवर्षी, हजारो कंदांवर, न कंटाळता चालले. शतकाच्या अखेरीला कंदातली साखर आखार्डच्या काळाच्या दुपटीहून पुढे गेली. आजचा कंद साधारण सोळा ते अठरा टक्के साखर देतो. 'क्लाइन वान्त्सलेबन' हे एका वाणाचे नाव झाले आणि युरोपात, रशियात, अमेरिकेत ते पेरले गेले. इतके सारे आणले त्या कोनमापक नळीने आणि हिशेबाच्या वह्यांनी.

ही गोड साखर आपल्या दारापर्यंतही आली होती. १९०० च्या सुमारास जगातली अर्ध्याहून अधिक साखर शर्कराकंदाची होती आणि जर्मन सरकार साखर निर्यात करणाऱ्याला वर बक्षिसी देई. त्यामुळे जर्मनीची साखर हिंदुस्थानच्या बाजारात विलक्षण स्वस्त विकली जाऊ लागली. फटका बसला तो इथल्या गूळ-साखरेला आणि मॉरिशसच्या मळ्यांना. मॉरिशसची साखर मुख्यतः हिंदुस्थानात खपत असे आणि तिथे ऊस तोडणाऱ्यांत कोकणातून करारावर गेलेली मराठी कुटुंबेही होती. अखेर १८९९ साली व्हाइसरॉय कर्झनच्या सरकारने बक्षिसीच्या साखरेवर जादा जकात बसवली आणि १९०२ च्या ब्रुसेल्स करारात युरोपातल्या देशांनी या बक्षिसी बंद करायचे ठरवले. ब्योर्डेतल्या कंदाचा गोडवा आणि मॉरिशसमधल्या मराठी मजुराची रोजी यांचा असा दुरून संबंध होता.

मजुरांची गोष्ट निघालीच आहे तर थांबू या. शर्कराकंदाचे बी म्हणून जे दिसते ते खरे म्हणजे अनेक बियांचा गुच्छ असतो. एका जागी तीन-चार रोपे उगवतात आणि एक ठेवून बाकीची हाताने उपटावी लागतात. मैलोगणती शेतात, वाकून किंवा गुडघ्यांवर. एवढी माणसे गावात नव्हती. म्हणून दर वसंतात पूर्वेकडून, पोलिश गावांतून, मजुरांच्या टोळ्या येत. त्यांत तरुण मुली पुष्कळ असत. बराकीत राहत, हिवाळ्याच्या तोंडाला परत जात. दिवाळीच्या सुमारास बीडकडून साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे चित्र नवे वाटणार नाही. अमेरिकेत व्ही. एफ. साविट्स्की या संशोधकाला १९४८ साली एकेकटे बी धरणारी मोजकी झाडे सापडली. त्यांच्यापासून एकबीजी वाण तयार झाले, पेरणीयंत्रे आली आणि तेव्हा कुठे ती विरळणी संपली.

माती थकते तेव्हा

कंदाला इतका भाव मिळाल्यावर शेतकरी काय करील? वर्षामागून वर्ष तेच पीक. शंभर गुणांची जमीन, तिला काय होणार! पण मॅग्डेबर्ग आणि हाले या शहरांच्या आसपास काही शेतांत कंद खुरटू लागले. पाने भरदुपारी माना टाकीत. खत घातले तरी फरक पडेना. लोक म्हणू लागले, जमीन 'कंदाला थकली'.

हेर्मान शाख्ट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८५९ साली अशा झाडांची मुळे भिंगाखाली धरली. बारीक मुळांना मोहरीहून लहान, पांढरे, लिंबाच्या आकाराचे दाणे चिकटले होते. त्या होत्या एका सूत्रकृमीच्या माद्या! मादीचे पोट अंड्यांनी फुगते, ती मरते आणि तिची कातडीच अंड्यांचे चिवट पाकीट बनते. हे पाकीट मातीत वर्षानुवर्षे पडून राहते. जवळ कंदाचे मूळ आले की त्यातून पाझरणाऱ्या द्रव्यांचा इशारा मिळतो आणि पिल्ले बाहेर पडून मुळात शिरतात. एकच पीक पुन्हा पुन्हा घेणे म्हणजे या कृमीला दरसाल पंगत वाढणे. रोग इतका पसरला की कारखानेही बंद पडले.

हालेच्या विद्यापीठातल्या यूलियुस क्यून याने एक चलाख उपाय सुचवला. शेतात मुद्दाम कृमीला आवडणारी दुसरी झाडे पेरायची, कृमी मुळांत शिरले की अंडी घालायच्या आत ती सारी झाडे नांगरून टाकायची. सापळा! उपाय चाले, पण दिवस चुकला की शत्रूच वाढे. टिकाऊ उपाय जुनाच ठरला : पिकांची फेरपालट. एकदा कंद घेतला की मध्ये तीन-चार वर्षे गहू, जव असे दुसरे पीक.

मातीतून पोटॅशही भराभर उपसला जात होता. त्याची गाठ योगायोगाने जवळच पडली. ब्योर्डेच्या दक्षिण कडेला स्टासफुर्ट या गावी मिठाच्या खाणी होत्या. खऱ्या मिठावरचे कडू क्षार 'टाकाऊ' म्हणून ढिगाने फेकले जात. तिथल्या एका साखर कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या आडोल्फ फ्रांक याने ओळखले की हे तर पोटॅशचे क्षार आहेत! त्याने १८६१ साली त्यांपासून खत करण्याचा कारखाना काढला. खतांच्या पोत्यावर नत्र आणि स्फुरद यांच्यानंतर जो पालाश तुम्ही वाचता, त्या पालाश-खताच्या उद्योगाची ही सुरुवात.

आपल्याकडे ऊस सूत्रकृमीने नव्हे, पण पाण्याने माती थकवतो. कृष्णाकाठी, सांगली-कोल्हापूर भागात उसाला सतत भरपूर पाणी देऊन आणि निचरा न राखून चांगल्या जमिनी क्षारपड झाल्या आहेत. काळ्या रेगूरमधून पाणी सहज निथळत नाही. क्षार वर येतात आणि पांढरी साय धरल्यासारखे शेत दिसते. तिथे आता जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून निचरा करावा लागतो.

ट्रकमधले बियाणे

दुसरे महायुद्ध संपताना एप्रिल १९४५ मध्ये अमेरिकन सैन्य या भागात पोहोचले. जूनमध्ये त्यांची जागा ब्रिटिशांनी घेतली. पण दोस्त राष्ट्रांमध्ये आधीच ठरले होते की १ जुलैला हा मुलूख रशियन सैन्याकडे जायचा. क्लाइन वान्त्सलेबनच्या बियाणे कंपनीपुढे काही दिवसच उरले होते. ब्रिटिशांनाही कंदाचे बी हवे होते, कारण उपाशी युरोपाला साखर लागणार होती. लष्करी ट्रकांत निवडक बियाणे आणि काही कुटुंबे भरली गेली आणि ती पश्चिमेला आइनबेक या गावी नेऊन उतरवली गेली.

जमीन मात्र ट्रकात भरता येत नाही. ती राहिली. मोठ्या जमीनदारांच्या जमिनी जप्त होऊन वाटल्या गेल्या आणि १९६० पर्यंत वाटलेल्या जमिनी पुन्हा एकत्र करून सामुदायिक शेते झाली. क्लाइन वान्त्सलेबनमध्ये पूर्व जर्मन सरकारने शर्कराकंदाची संशोधन संस्था चालवली. म्हणजे एकाच वाणाचे दोन वारस, मध्ये काटेरी तारांची सीमा! आइनबेकची कंपनी आज जगातल्या मोठ्या बियाणे कंपन्यांत गणली जाते. तिचे नाव आहे के.डब्ल्यू.एस. त्यातले 'के.डब्ल्यू.' म्हणजे क्लाइन वान्त्सलेबन आणि 'एस.' हे बियाणे-संवर्धन या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर.

सामुदायिक शेतीच्या काळात आपल्या त्या काळ्या पोटाच्या हॅमस्टरला लोक पिकाचा शत्रू मानीत. कातड्यासाठी सापळे लावून मॅग्डेबर्ग आणि हालेच्या भागात वर्षाला लाखो हॅमस्टर मारले जात, तरी ते संपत नसत. मग यंत्रे बदलली, कापणीनंतर शेत दोन दिवसांत नांगरले जाऊ लागले, कोठार भरायला सांडलेले धान्यच उरेना. हा प्राणी जगभरातच इतका घटला की २०२० साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. ज्याने ही माती खालीवर केली त्याच्यासाठी आता जर्मनीत काही शेतकऱ्यांना थोडे पीक उभे ठेवण्याबद्दल पैसे दिले जातात. मला विचाराल तर ही मजुरी फार उशिरा दिली जात आहे.

क्लाइन वान्त्सलेबनला १९९० नंतर जुन्या कारखान्याच्या जागी नवा, मोठा साखर कारखाना उभा राहिला. तो आजही चालतो. सप्टेंबरात हंगाम सुरू झाला की कंदांचे डोंगर लागतात. जिल्हा गेला तरी त्याचे एक नाव परत आले आहे. मोटारींच्या पाटीवर पूर्वी वान्त्सलेबन जिल्ह्याची डब्ल्यू-झेड-एल ही अक्षरे असत. जिल्ह्याबरोबर तीही गेली. लोकांना जुनी अक्षरे हवी होती, म्हणून २०१२ पासून ती पुन्हा मागून घेता येतात. आणि १९३४ च्या कायद्याने सुरू झालेले मातीचे गुण जमिनीच्या सरकारी नोंदींत वेळोवेळी तपासून अजून ठेवलेले आहेत. शेत विकायला निघाले की घेणारा आधी तो आकडा विचारतो, मग किंमत.